बीपआधीचा दीड सेकंद

त्या संध्याकाळी मी आमच्या हॅम रेडिओ रिपीटरच्या (हौशी रेडिओवाल्यांचे सिग्नल ऐकून पुढे पाठवणाऱ्या यंत्राच्या) खोलीत होतो, म्हणून हे प्रकरण मला कळलं. घरी बसून आउटपुट (तो पुढे पाठवतो ते) ऐकत असतो तर अधूनमधून नुसती खरखर कानावर आली असती.

डुप्लेक्सरचं, म्हणजे एकाच अँटेनावर ऐकणं आणि पाठवणं वेगळं ठेवणाऱ्या फिल्टरचं, ट्यूनिंग तपासत होतो. रिसीव्हरला थेट स्पीकर जोडलेला. रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर पाठवतो. २ मीटर बँडवर दोन्हींत सहसा ६०० किलोहर्ट्‌झचं अंतर. डुप्लेक्सर जरा हलला तरी स्वतःचाच ट्रान्समीटर रिसीव्हरला बधिर करतो. त्यामुळे खरखर आली की माझा पहिला संशय स्वतःच्या हातावर.

चॅनेलवर दोन जुनी, जोरदार स्टेशनं अँटेनांविषयी गप्पा मारत होती. एकाचं ओव्हर (एका वेळचं बोलणं) संपतंय न संपतंय तोच दुसऱ्याचा पीटीटी (बोलायचं बटण) दाबलेला. ओव्हर संपल्यावर रिपीटर जरा थांबून बीप वाजवतो, त्याची वाट कोणीच बघत नव्हतं. मधल्या फटीत काहीतरी खर्र व्हायचं. मी डुप्लेक्सरचा नॉच पुन्हा तपासला. ठीक होता. पाच-सहा मिनिटं माझी त्यात गेली. मग एका फटीत स्पीकरवर ‘...रेक’ एवढंच आलं, आणि हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. कोणीतरी ‘ब्रेक’, म्हणजे मधे बोलायला जागा, मागत होतं.

एफएमवर दोन सिग्नल एकदम आले की जोरदार सिग्नल कमकुवताला गिळून टाकतो. काही डेसिबलचा फरक त्याला पुरतो. म्हणजे हँडीवाल्याच्या (हातातल्या छोट्या, कमी ताकदीच्या सेटवाल्याच्या) वाट्याला फक्त ती फट. त्यातही सेट आवाजासोबत पाठवतो तो टोन ओळखायला रिपीटरच्या डीकोडरला साधारण पाव सेकंद लागतो, तोवर त्याचा आवाज पुढे जातच नाही. अर्ध्या सेकंदाची फट, त्यात पीटीटी दाबायला लागणारा वेळ धरला तर त्याच्यासाठी दार उघडण्याआधीच बंद. दोघांपैकी एक म्हणाला, ‘आज इंटरफिअरन्स आहे वाटतं.’ मधे श्वास घेतला असता तर त्या इंटरफिअरन्सचा कॉल साइन (रेडिओवरचं ओळखनाव) ऐकू आला असता.

मग टाइम-आउट टायमर (सलग बोलणं लांबलं की ट्रान्समीटर बंद करणारा) संपला. आमच्याकडे तो ३ मिनिटांचा आहे आणि बीप वाजल्यावरच शून्यावर येतो. यांनी बीप वाजूच दिला नाही, म्हणून दोघांची ओव्हर त्याने एकच धरली आणि ट्रान्समीटर पाडला. बोलणाऱ्याला पत्ताच नाही, कारण पीटीटी दाबलेला असताना त्याचा सेट ऐकत नसतो. बंद रिपीटरवर तो बोलत राहिला. इनपुट (रिपीटर ऐकतो ती फ्रिक्वेन्सी) मात्र त्याने अडवलेलंच होतं. कंट्रोल ऑपरेटरच्या, म्हणजे रिपीटर सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याच्या, हातात ट्रान्समीटर असतो. इनपुटवर बोलणारा माणूस नसतो. मी कंट्रोलरच्या लोकल माइकवर बोट ठेवून नुसता उभा होतो.

त्याने पीटीटी सोडताच ट्रान्समीटर उठवला आणि बोललो: ‘कंट्रोल. दोघेही थांबा, कोणीही पीटीटी दाबू नका. कमकुवत स्टेशन, दाबून एक सेकंद थांबा, मग बोला.’

आला. ५ वॉटची हँडी, बॅटरी शेवटच्या काडीवर, उतारावरून घसरलेला सोबती, पाय मोडल्यासारखा. मी त्याला सांगितलं: अँटेना उभी धर, सेट अंगापासून लांब ठेव, दोन पावलं सरकून बघ. खरंच दोन पावलांनी आवाज उजळला. जागा, माणसं किती, शुद्धीवर आहे का, रक्तस्राव आहे का, एवढं एका दमात घेतलं आणि त्याला वाचून दाखवलं. पुढे बॅटरी वाचवायला हो-नाहीचे प्रश्न: हो असेल तर पीटीटी एकदा दाब, नाही असेल तर दोनदा. शेवटी सेट बंद करायला लावला. दर तासाला पहिली पाच मिनिटं चालू.

बचाव पथकाला फोन कोणी केला? त्या दोघांतल्याच एकाने, तोही न विचारता, सगळा निरोप शब्दशः उतरवून. नंतर रात्रभर एक अवांतर शब्द न बोलता तो चॅनेलवर बसून राहिला. माणूस वाईट नाही. वर्षानुवर्षं रिपीटरला टेलिफोन समजून वापरल्याची सवय वाईट आहे. जखमीला खाली आणलं.

रेकॉर्डिंग मी पुन्हा पुन्हा ऐकलंय. ते आउटपुटचं आहे, म्हणून त्याच्यात ‘...रेक’सुद्धा नाही, नुसती खरखर. त्यानंतर बीपचा उशीर अर्ध्या सेकंदावरून दीड सेकंद केला. ‘रिपीटर सुस्त झाला’ अशा तक्रारी आल्या. सेटिंग तसंच ठेवलंय. टायमर २ मिनिटांवर आणावा का, यावर बरंच डोकं खाजवलं. पण त्याने पडणार तो माझा ट्रान्समीटर, इनपुट अडलेलंच राहणार. ते मोकळं होतं फक्त बोलणाऱ्याच्या स्वतःच्या सेटमधल्या टाइम-आउटने. बहुतेक सेटच्या मेनूत तो असतो, पण बऱ्याच जणांनी तो बंद ठेवलेला असतो. पीटीटी अडकून बसला तरी वाचवतो तोच. आता नेटवर (सगळे ठरल्या वेळी रेडिओवर जमतात तेव्हा) चेक-इन घेताना प्रत्येकाला विचारतो: सेटचा टाइम-आउट किती मिनिटांवर आहे? त्या दोघांपैकी एकाने लगेच २ वर लावला. दुसरा अजून ‘बघतो’ म्हणतोय.