'आले' आणि 'आबुंग'

मी पोचलो तेव्हा खड्डा जवळपास खणून झाला होता, आणि तो दक्षिणोत्तर होता. कोरकू आदिवासी माणसाला पुरताना डोकं दक्षिणेकडे ठेवतात. मी ख्रिस्ती पाळक, नगरकडचा. पाय पूर्वेला ठेवून माती द्यायची, हे लहानपणापासून बघत आलेलो. पण मेळघाटातल्या मुरमात चार माणसांनी सकाळपासून पहारी मारून काढलेला खड्डा, 'दिशा चुकली' म्हणून बुजवायला सांगायचा? मी गप्प बसलो.

गेलेल्या आजोबांचा बाप्तिस्मा चार वर्षांपूर्वीचा. थोरला मुलगा आमच्या ख्रिस्ती मंडळीत, धाकटा नाही. भावकीतले बहुतेक नाहीत. भुमका, म्हणजे गावचा पुजारी, तोही आलेला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण गावात मयत झाली की तो असतोच.

इथे येण्याआधीच्या प्रशिक्षणात आम्हाला कोरकूचे तीन महिने मिळाले. शिकवणारे हिंदीवाले, पुस्तक झेरॉक्सचं. मराठीला ही भाषा अजिबात लागत नाही. हिचं नातं झारखंडातल्या मुंडारी-संथाळीशी. तरी एक गोष्ट मात्र आपल्यासारखीच आहे: 'आम्ही' वेगळं, 'आपण' वेगळं. 'आले' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून, 'आबुंग' म्हणजे त्याला धरून. हिंदीवाले या 'हम'मध्ये वर्षानुवर्षं अडकतात. मी त्यांना हसायचो.

आणि कबरीपाशी मीच अडकलो.

झालं असं, की मी कोरकू शिकलो ते प्रभूच्या प्रार्थनेपासून. तिथे 'आमच्या पित्या' म्हणताना 'आले'च हवं, कारण ऐकणारा देव. त्याला 'आपला बाप' म्हटलं तर तोच आपल्यात येऊन बसेल. पाच वर्षं रोज तोंडात बसलेलं ते 'आले' मी लोकांकडे तोंड करूनही म्हणत राहिलो. आमचा देव, आमची आशा, आमचं घर. मराठीत बोलत असतो तर ही चूक जन्मात झाली नसती. दहा मिनिटं मी पन्नास माणसांना त्यांच्याच म्हाताऱ्याच्या मयतीत बाहेर उभं करत होतो.

आजोबांची बहीण पुढे बसलेली. ती काहीतरी पुटपुटली, दोन-तीन बाया तोंडाला पदर लावून हसल्या. आश्रमशाळेतला तिचा नातू माझ्याजवळ होता. त्याने हळूच सांगितलं, "आजी म्हनते, यांचा देव यांचाच हाय, तं आमच्या भावाले काहून नेते?"

मी शास्त्रभाग अर्ध्यावर सोडला. प्रार्थना आटोपती घेतली.

मग भुमका पुढे झाला. त्यांच्यात आधी खड्ड्यात पैसे टाकतात, जागा विकत घ्यायला. धरणीची जागा फुकट घ्यायची नसते. धाकट्याने टाकले, बहिणीने टाकले. थोरला माझ्याकडे बघत खिशात हात घालून तसाच उभा. आता भुमक्याने माझ्यापुढे तळहात केला. त्यात त्याचंच एक रुपयाचं नाणं होतं. माझ्याकडे सुटे नसतील असं त्याला वाटलं असावं.

मी ते घेतलं आणि टाकलं. मुरमावर टणकन वाजलं. माझ्यामागून थोरल्यानेही टाकलं.

आमच्या वरिष्ठांना हे फोनवर सांगितलं. ते भले गृहस्थ, पण मेळघाट त्यांनी चिखलदऱ्याच्या विश्रामगृहातून पाहिलेलं. म्हणाले, "पाळकसाहेब, आज नाणं, उद्या मुंडा." मुंडा म्हणजे मृताच्या नावाने उभी करायची कोरीव लाकडी फळी. तिच्यावर घोडेस्वार असतो, चंद्र-सूर्य असतात. सिडोलीच्या विधीत ती रोवेपर्यंत जीव भटकत राहतो, असं मानतात.

त्यांचं चुकलं नाही. गेल्या रविवारी सभेनंतर थोरला थांबला. धाकट्याने सिडोलीचं काढलंय. पैसे तो घालणार, सागाचं लाकूड कसं मिळवायचं ते बघणार. व्याघ्रप्रकल्पात ते सोपं नाही. थोरल्याने फक्त बापाच्या फळीजवळ उभं राहायचं.

"उभं राहू का?" त्याने विचारलं. मग जरा थांबून म्हणाला, "का आबुंग जाऊ?"

मी पुढच्या रविवारी सांगतो म्हटलं. तो रविवार परवा आहे.