चिकटणारे आणि न चिकटणारे

दुपारी झोप लागली नाही की मी एखादा ड्रॉवर उपसायला घेते. तो आवरून होत नाही, पण दुपार जाते. परवा असाच एक उपसला तर तळाशी ठरलेला ऐवज निघाला : वाकडे खिळे, कुलपं कधीच हरवलेल्या किल्ल्या, एक सुटी बिजागरी, स्टीलचा एक स्क्रू आणि कागदात गुंडाळलेली चांदीची अंगठी. अंगठी काळी ठिक्कर पडलेली. स्क्रू मात्र लखलखीत, जणू कालच आणलाय. दोघं कितीतरी वर्षं शेजारी शेजारी पडून होते, एकाच हवेत, एकाच अंधारात. ज्याला जपून ठेवायचं म्हणून कागदात गुंडाळलं तो काळवंडला आणि ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही तो मजेत राहिला.

कारण तसं साधं आहे. चांदी ऑक्सिजनच्या सहसा वाटेला जात नाही, तिला भुरळ पडते ती गंधकाची. हवेत नावापुरता हायड्रोजन सल्फाइड असला तरी तो शोधून काढून ती त्याच्या नादी लागते आणि अंगावर काळी पुटं चढवून घेते. चांगल्या स्टीलमधला क्रोमियम उलट ऑक्सिजनला चटकन जवळ करतो आणि त्याचा इतका पातळ पापुद्रा वर धरतो की तो डोळ्यांना दिसतही नाही. त्याच्या आड लोखंड सुखरूप. म्हणजे खरं बघितलं तर तो स्क्रूही गंजलेलाच होता. फक्त शहाणपणानं गंजलेला.

लहानपणी मला हा प्रश्न पडलाच नसता. माझ्याकडे एक लोहचुंबक होतं आणि त्यापुढे जगातल्या इतर प्रश्नांना फारसा अर्थ नव्हता. मामाला रेडिओ दुरुस्त करायचा छंद होता. एका मेलेल्या रेडिओच्या स्पीकरमधून त्यानं ते मला काढून दिलं होतं : काळंभोर, जाड चकतीसारखं, मध्ये भोक. ते घेऊन मी घरभर हिंडायचे आणि दिसेल त्याला लावून बघायचे. दाराची कडी, खुर्चीचा पाय, आजीचा चष्मा, कात्री. धातूंचे दोनच वर्ग होते, चिकटणारे आणि न चिकटणारे. न चिकटणाऱ्यांबद्दल मला मनापासून तुच्छता वाटायची. आईच्या बांगडीला चुंबक लावलं आणि ते ढिम्म राहिलं, तेव्हा मी तिला बाजूला घेऊन फार गंभीरपणे सांगितलं की ही काही खरी नाही. तिनं बांगडी काढून मला दिली नाही, यावरून तिला माझं म्हणणं पटलेलं नसावं.

त्याच काळात माझा एक खजिनाही होता. मामा डाग द्यायला बसला की त्या कडक वासाच्या धुरात मी त्याच्या कोपराशी चिकटून बसायचे. तापलेलं टोक तारेला टेकलं की तार एकाएकी पाणी व्हायची आणि तिचे टपोरे, आरशासारखे थेंब फरशीवर पडून गोल गोल पळायचे. थंड झाले की मी ते वेचून काड्यापेटीत भरायचे. ते चिकटत नव्हते, पण त्यांच्यासाठी मी नियम शिथिल केला होता. रोज रात्री काड्यापेटी कानाशी हलवून बघायची, सगळे आहेत ना म्हणून. एकदा मामाच्या हाती ती पेटी लागली. त्यानं उघडून नीट पाहिलं आणि म्हणाला, “छान जमवलंयस गं. आता आधी साबणानं हात धुऊन ये. शिसं आहे त्यात.”

शिसं आणि कथील. दोघांचं मिश्रण एकेकट्यापेक्षा लवकर वितळतं, म्हणून तर डाग द्यायला चालतं. आणि शिसं पोटात गेलं की मुलांच्या मेंदूला बाधतं. हे सगळं पुढे कळलं. तेव्हा फक्त एवढंच कळलं की खजिन्याला हात लावल्यावर हात धुवावे लागतात.

मोठी माणसं धातूंची वर्गवारी अधिक शास्त्रशुद्ध करत असतील, अशी माझी समजूत होती. कारखान्यातली माणसं लोहयुक्त आणि लोहेतर असे दोन ढीग करतात, म्हणजे जवळजवळ माझंच चुंबक. जवळजवळ अशासाठी की निकेल आणि कोबाल्टसुद्धा चुंबकाला चिकटतात आणि स्टीलचे काही प्रकार चिकटत नाहीत. रसायनशास्त्रज्ञ आवर्त सारणी पुढे करतात. तिच्यातल्या ११८ मूलद्रव्यांपैकी तीनचतुर्थांशाहून जास्त धातूच आहेत, आणि एका कुळातले म्हणावेत तर त्यांचं एकमेकांशी काही जुळत नाही. सोडियम सुरीनं कापता येतो आणि पाण्यात पडला की भडकतो, म्हणून त्याला तेलात बुडवून ठेवावं लागतं. गॅलियम तळहातावर ठेवला की वितळतो. पारा तर वितळलेलाच असतो. टंगस्टनला वितळायला ३४२२ अंश सेल्सियस लागतात. या सगळ्यांवर खगोलशास्त्रज्ञांनी कडी केली आहे. हायड्रोजन आणि हेलियम सोडून उरलेलं जे काही आहे ते सगळं त्यांच्या लेखी धातू. ऑक्सिजनसुद्धा. मला हा बेदरकारपणा फार आवडतो.

‘जड धातू’ हा आणखी एक वर्ग, आणि तो तर नुसता बदनामीसाठीच वापरतात. शुद्ध आणि उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या एका अहवालानं २००२ मध्ये ही संज्ञाच निरर्थक ठरवली, तरी ती चालूच आहे. एक घनसेंटिमीटर शिसं ११.३ ग्रॅम भरतं, तेवढंच सोनं १९.३ ग्रॅम. पण सोन्याला कुणी जड धातू म्हणून नाक मुरडलेलं ऐकलंय?

मौल्यवान धातूंची यादी मात्र छोटी आणि बरीचशी पक्की आहे : सोनं, चांदी, प्लॅटिनम आणि प्लॅटिनमच्या घरातले पाच जण, म्हणजे पॅलेडियम, ऱ्होडियम, इरिडियम, रुथेनियम, ऑस्मियम. दुर्मीळ हवेत, टिकाऊ हवेत, आणि कुणाला तरी ते हवे असायला हवेत. पहिल्या दोन अटी निसर्गाच्या हातात. तिसरीचं काही खरं नाही.

ॲल्युमिनियमचंच बघा. पृथ्वीच्या कवचात वजनानं सुमारे आठ टक्के तोच आहे, लोखंडाहूनही जास्त. पायाखालच्या मातीत आहे, विटेत आहे. पण ऑक्सिजनला त्यानं अशी मिठी मारलेली असते की १८२५ मध्ये अर्स्टेडनं पहिल्यांदा त्याचा एक अशुद्ध कण सुटा केला, तोवर तो धातू म्हणून कुणी पाहिलाच नव्हता. पुढे फ्रान्समध्ये देव्हील यानं १८५४ पासून तो बऱ्या प्रमाणात काढायला सुरुवात केली, पण त्यासाठी सोडियम खर्ची घालावा लागे, म्हणून तो महागच राहिला. तिसऱ्या नेपोलियनच्या मेजवानीत खाशा पाहुण्यांना ॲल्युमिनियमचे काटे-चमचे आणि बाकीच्यांना सोन्याचे, अशी एक गोष्ट सांगतात. ती खरी असो वा नसो, मला त्या बाकीच्यांचा चेहरा दिसतो. सोन्याच्या चमच्यानं जेवायची वेळ आली म्हणून खट्टू झालेला. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभाचं काम १८८४ मध्ये पुरं झालं, तेव्हा टोकावर मान म्हणून काय बसवावं? ॲल्युमिनियमचा छोटासा पिरॅमिड, तीन किलोंहूनही थोडा कमीच. बसवण्याआधी तो लोकांना बघायला ठेवला होता. आणि दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघा तरुणांनी एकमेकांना न विचारता विजेनं ॲल्युमिनियम काढायची एकच रीत शोधली. दोघंही तेव्हा बावीस-तेविशीतले. त्यांच्या रीतीनं काही वर्षांतच या धातूचा सगळा रुबाब उतरवला. धातू तोच. त्याचा एक अणूही बदलला नव्हता.

लोखंडाचं उलट. ते धातुकातून काढायची युक्ती माणसाला साधली नव्हती, तेव्हा लोखंड मिळायचं ते आकाशातून पडलेल्या उल्केतून. इजिप्तमध्ये गेर्झे इथल्या पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या कबरीत लोखंडाचे ठोकून वळवलेले मणी सापडले. सोन्याच्या मण्यांबरोबर एकाच माळेत ओवलेले. तूतानखामेनच्या ममीशी दोन खंजीर होते, एक सोन्याच्या पात्याचा आणि एक लोखंडी. हा लोखंडी खंजीर उल्केचाच आहे हे २०१६ मध्ये क्ष-किरणांनी तपासून नक्की केलं. मेलेल्या राजाला लोखंडाचा खंजीर द्यायचा म्हणजे तो काही उरलासुरला म्हणून दिला नसणार.

आणि प्लॅटिनम! दक्षिण अमेरिकेत नदीच्या वाळूतून सोनं गाळणाऱ्या स्पॅनिश लोकांना त्याचे करडे कण म्हणजे नुसती ब्याद वाटायची. वितळता वितळत नाही, आणि वजनाला सोन्याइतकं, म्हणून भेसळ करणाऱ्यांची चंगळ. त्या भीतीनं सरकारनं ते नदीत फेकून द्यायला लावलं, असं सांगतात. पुढे त्याच धातूत थोडं इरिडियम मिसळून जगाचा किलोग्रॅम घडवला आणि १८८९ मध्ये तो प्रमाण मानला. २०१९ पर्यंत किलो म्हणजे काय याचं उत्तर तो ठोकळा होता.

एवढं सगळं झालं तरी सोनं कधी उतरलं नाही, हे मला मान्य करावं लागतं. आवडत नाही, पण मान्य आहे. कामाच्या घरी येऊन नुसत्या बसून राहणाऱ्या श्रीमंत पाहुण्यासारखं मला ते वाटतं. हवा लागली तरी काही नाही, पाण्यात बुडवलं तरी काही नाही, एकट्या नायट्रिक आम्लानंही काही नाही. लोखंड बिचारं रक्तात वाहतं, पूल तोलतं, पावसात गंजून जातं. सोनं कशालाच उत्तर देत नाही आणि त्यालाच आपण राजधातू म्हणून डोक्यावर घेतो.

पण एक गोष्ट आठवली की माझा हा हेका जरा सैल पडतो. १९४० मध्ये जर्मन फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या तेव्हा भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरच्या संस्थेत माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक या दोघा जर्मन भौतिकशास्त्रज्ञांची नोबेल पदकं ठेवलेली होती. जर्मनीबाहेर सोनं पाठवणं हा नाझींच्या राज्यात गुन्हा होता, आणि पदकांवर नावं कोरलेली. पुरावे म्हणजे प्राणाशी गाठ. द हेवेशी या रसायनशास्त्रज्ञानं ती आम्लराजात विरघळवून टाकली. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक, एकेकट्यानं सोन्याचं काही बिघडत नाही, दोघं मिळून त्याला विरघळवतात, तेही सावकाश. बाहेर रस्त्यावर सैनिक, आणि हा माणूस सोनं विरघळायची वाट बघत बसलेला. झडती झाली. नारिंगी पाण्याची बाटली फळीवर होती तिथेच राहिली. युद्ध संपल्यावर त्यानं त्यातून सोनं परत मिळवलं आणि नोबेलवाल्यांनी त्याच सोन्याची पदकं पुन्हा ओतून दिली. हे लोखंडाला जमलं नसतं असं नाही, पण लोखंडाची पदकं देतंय कोण.

शिवाय सोनं अलीकडे कामालाही लागलंय. त्याचा तो ढिम्मपणा विजेच्या जोडण्यांना फार सोयीचा पडतो. चांदी त्याहून चांगली वीज वाहते, पण ती अशी काळी पडते. म्हणून मोबाइलच्या पोटात जिथे दोन टोकं टेकतात तिथे सोन्याचा मुलामा असतो. शेजारी तांबं असतं, कथील असतं, पडद्यात इंडियम, आणि बॅटरीत लिथियमच्या जोडीला बहुधा कोबाल्ट.

कोबाल्ट माझ्या चुंबकाला चिकटला असता. लहानपणी तो सुटा कधी हाती आला नाही. मौल्यवान धातूंच्या यादीत तो नाही. जगातला निम्म्याहून जास्त कोबाल्ट काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतो. तिथे कोलवेझीच्या आसपास मोठ्या कंपन्यांच्या खाणी आहेत, तशा माणसांनी हातानं खणलेल्याही आहेत. त्या कामात मुलंही आहेत, हे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलनं २०१६ मध्ये नोंदवलं. खाणीतून टाकून दिलेल्या ढिगाऱ्यातून ती दगड वेचतात. कोबाल्टवाले वेगळे काढतात, धुतात, पोत्यात भरून वाहतात. त्यांतली काही जेमतेम सात वर्षांची होती.