स्नॅपड्रॅगन अपडेट: गच्चीवरच्या कुंड्या आणि कटफ्लॉवरचा वाफा

मंडळी, या थंडीच्या सीझनची स्नॅपड्रॅगनची प्रगती एकदाची लिहून काढतोय. फोटो बघून बऱ्याच जणांनी विचारलेलं की कोल्हापुरात एवढ्या लांब दांड्या कशा काय आल्या. खत-बित सगळं नंतर, आधी व्हरायटी. नर्सरीत डॉग फ्लॉवर या नावानं स्नॅपड्रॅगनचं पिशवीतलं रोप मिळतं ते बहुतेक वेळा बुटक्या जातीचं असतं, वीतभर उंचीलाच कळ्या धरलेलं. कुंडीला किंवा वाफ्याच्या कडेला झकास दिसतं, पण फुलदाणीसाठी कापायला दांडी (म्हणजे कटफ्लॉवर) पाहिजे असेल तर त्याला कितीही युरिया घाला, काही उपयोग नाही, त्याची उंचीच तेवढी.

म्हणून बी घेताना पाकिटावरचा रंग बघायच्या आधी उंची बघा. फ्लोरल शॉवर्स, मॅजिक कार्पेट ही 15-20 सेंमीची, कुंडीतली. सॉनेट, लिबर्टी क्लासिक ही मधली, 45 ते 60 सेंमी, गुडघ्याएवढी होतात आणि वाफ्यात घोळक्यानं लावली की लई भारी दिसतात, वर घरातल्या छोट्या फुलदाणीपुरती दांडीही देतात. रॉकेट, पोटोमॅक, शांटिली, मादाम बटरफ्लाय ही उंच, 75-90 सेंमी आणि त्याच्याही वर. यातलं शांटिलीचं फूल तोंड मिटलेलं नसतं, उघड्या पाकळ्यांचं असतं, आणि मादाम बटरफ्लाय डबल, म्हणजे पाकळ्यांचे जास्तीचे थर असलेली. मला स्वतःला जुनं मिटल्या तोंडाचंच आवडतं, चिमटीत धरून दाबलं की जबडा उघडतो ती मजा डबल फुलात नाही.

आता खरी गोम. कटफ्लॉवरच्या जाती चार ग्रुपात विभागलेल्या असतात, कुठली जात किती थंडीत आणि केवढ्या दिवसमानात फुलते त्यावरून. ग्रुप 1 आणि 2 कडक थंडी, लहान दिवस आणि कमी उजेडासाठी, ग्रुप 4 उन्हाळ्याच्या मोठ्या दिवसांसाठी, 3 मधला. आपल्याकडं गंमत अशी की डिसेंबरात दिवस लहानच, साधारण 11 तासांचा, पण थंडी म्हणाल तर रात्री 14-15 अंश आणि दुपारी परत 29-30. म्हणजे दिवस थंडीच्या ग्रुपाचा आणि ऊन भलत्याच ग्रुपाचं! शांटिली ग्रुप 1-2 मधली, तिला आपल्याकडची ऊब मिळाली की ती घाईनं फुलावर येते आणि दांडी आखूड, बारीक राहते. पोटोमॅक ग्रुप 3-4 ची, ती जरा वेळ खाते पण दांडी जाडजूड, ताठ. माझ्या वाफ्यात दोन्ही शेजारी शेजारी आहेत आणि फरक लांबूनच कळतो. रंगाला शांटिली सुरेख आहे, पीच आणि सॅल्मन शेड तर विचारू नका, पण कोल्हापूर शहरात लांब दांडी पाहिजे तर पोटोमॅक, माझं मत पक्कं झालंय.

बी पेरलं गणपती झाल्यावर, प्रो-ट्रेमध्ये (छोट्या खणांचा रोपांचा ट्रे), कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा आणि चाळलेलं गांडूळखत. बी म्हणजे नुसती भुकटी, एका ग्रॅमात सहा हजारांच्या वर दाणे, तेव्हा शिंकू नका पेरताना. टूथपिकचं टोक ओलं करून एकेक दाणा उचलायचा आणि वर नुसता ठेवायचा, माती टाकायची नाही, याला उगवायला उजेड लागतो. साधारण आठवडा-दोन आठवड्यात हिरवे ठिपके दिसतात. त्या दिवसात आपल्याकडची हवा दमट, त्यामुळं रोपं कोलमडायची भीती असते, देठ जमिनीलगत पाण्यासारखा होतो आणि रोप आडवं. म्हणून वरून झारीनं पाणी दिलंच नाही, ट्रे पाण्याच्या ताटात ठेवायचा आणि वरचा थर ओलसर दिसला की काढायचा. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, मिश्रणात आधीच घातलेली.

परतीचा पाऊस गेल्यावर रोपं वाफ्यात. आमची माती नदीकडची काळी, पाणी धरून ठेवणारी, आणि स्नॅपड्रॅगनला पाय ओले आवडत नाहीत, तेव्हा गादीवाफा केला, पन्हाळ्याकडची तांबडी माती आणि साखर कारखान्याची चांगली कुजलेली मळी (उसाच्या रसाचा गाळ) मिसळून. कच्ची मळी घालू नका, गरम असते.

शेंडा खुडायचा का नाही यावर दरवर्षी वाद होतो. कुंडीतल्या आणि मधल्या उंचीच्या जातीला खुडायचाच, तीन-चार पानांच्या जोड्या झाल्या की नखानं वरचा कोंब काढायचा, खालून फुटवे येतात आणि झाड भरतं. फूल दोन-तीन आठवडे उशिरा येतं एवढंच. कटफ्लॉवरच्या वाफ्यात अर्ध्या ओळी खुडल्या, अर्ध्या नाही. न खुडलेल्यांना एकच दांडी पण मनगटापासून कोपरापर्यंत नुसती फुलं, या ओळी 15 सेंमीवर दाट लावलेल्या. खुडलेल्यांना दांड्या जास्त, पण प्रत्येक थोडी बारीक, त्यांना 25 सेंमी तरी जागा पाहिजे. दोन्हीला आडवी जाळी बांधली रोपं लहान असतानाच, दांडी वाकल्यावर जाळी बांधून काही होत नाही.

मध्ये तांबेरा (बुरशीचा रोग) आला. पानावर वरून पिवळसर ठिपका, पान उलटं केलं की खाली चॉकलेटी पुटकुळ्या, कधी कधी गोल रिंगणात बसलेल्या, आणि बोट फिरवलं की भुकटी बोटाला लागते. रात्रभर पान ओलं राहिलं की हा वाढतो, म्हणून संध्याकाळचं पाणी बंद, खालची पानं काढून हवा खेळती केली, लागलेली पानं कंपोस्टात न टाकता पिशवीत भरून बाहेर. दोन कोपऱ्यातली झाडं उपटावी लागली, बाकी वाचलं. मावा किरकोळ, निंबोळी अर्कावर भागलं.

कापणीचं बोलू. दांडीवरची खालची एक तृतीयांश फुलं उमलली की कापायचं, सकाळी लवकर, आणि लगेच बादलीत उभं. आडवं ठेवायचं नाही! ही दांडी आडवी ठेवली की शेंडा वर वळायला लागतो आणि मग तो बाक सरळ होत नाही. माझ्या बहिणीनं कारच्या मागच्या सीटवर आडवी टाकून नेली, घरी पोचेपर्यंत सगळे शेंडे हॉकी स्टिक. दुसरं, फुलदाणी केळी-चिकूच्या टोपलीजवळ नको, पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि फुलं टपाटप गळतात. भुंगा आत जाऊन आला की ते फूलही लवकर गळतं, परागीभवन झालं की झाडाचं काम संपतं. बंद जबडा उघडायला जड भुंगाच लागतो, तो खालच्या ओठावर बसला की दार उघडतं, आत अर्धा गडप होतो, मागं सरकत पिवळी पाठ घेऊन बाहेर. बघत उभा राहतो मी, पण दांड्या मात्र त्याच्या आधी कापतो. चांगली कापलेली दांडी आठवडाभर सहज टिकते, पाणी रोज बदललं तर जास्त.

शेजारच्या काकू बी मागत होत्या, "अहो, शेंगा धरल्यात की त्याला, मला थोडं काढून द्या." म्हटलं काकू, देतो, पण पोटोमॅक एफ1 आहे, म्हणजे संकराची पहिली पिढी, त्याच्या बियांची रोपं आईसारखी निघणार नाहीत. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात अपूर्ण प्रभुत्वाला हेच फूल आहे बघा, लाल आणि पांढऱ्याचा संकर गुलाबी, आणि गुलाबीच्या पोटी परत एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरं. काकू म्हणाल्या, "मग तर अजूनच बरं, काय येतंय बघू तरी." दिलं.

आत्ताची परिस्थिती: न खुडलेल्या ओळी कापून झाल्या, बुडाशी पानांच्या दोन-तीन जोड्या ठेवल्यात तिथून फुटवे निघालेत, पण आता ऊन तापायला लागलंय, तेव्हा दुसरा बहर आखूडच येणार. कुंडीतली बुटकी सकाळचं ऊन आणि दुपारची सावली अशा जागी सरकवलीत, सुकलेली फुलं खुडत राहिलं की अजून थोडे दिवस चालतील. पुढच्या सीझनला उंचात फक्त पोटोमॅक, मधल्यात सॉनेट. शांटिलीचं उरलेलं बी डबीत कोरडं ठेवलंय, पन्हाळ्यावर किंवा गगनबावड्याकडं कुणाचं घर असेल आणि रात्री आपल्यापेक्षा गार असतील तर घेऊन जा आणि लावून बघा.