मशीनवरची ३८ मिनिटं

मुंबईत एका हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत मी ११ वर्षं टेक्निशियन आहे. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही आणि त्या लेकराचंही नाही.

आमचा पेशंटशी तसा संबंध येत नाही. वॉर्डातून चिठ्ठी येते, त्यावर नाव, वय, ग्रुप आणि रक्तातल्या पेशींचा काउंट. पण ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांचे बाप आम्हाला चेहऱ्याने पाठ असतात, कारण ते दिवसाआड काउंटरवर उभे असतात, ताई डोनर कुठून आणू म्हणत. हा बाप जालना जिल्ह्यातला, ऊसतोडीचा. नवरा-बायको मिळून एक कोयता, पण पोरगं आजारी पडल्यापासून मुकादमाकडून उचल घेतलीच नाही, कारण उचल घेतली की सहा महिने फडावर जावंच लागतं. पोरगं सहा वर्षांचं. आधी ताप, मग पायावर निळे डाग, मग रिपोर्टमध्ये एएलएल, ल्युकेमियाचाच एक प्रकार. या आजाराची बरीच मुलं बरी होतात हो, दोन-अडीच वर्षं ट्रीटमेंट चालते, मी स्वतः बघितलीत बरी होऊन शाळेत जाणारी. याचा मात्र मेंटेनन्स, म्हणजे शेवटची लांबलचक ट्रीटमेंट, चालू असतानाच आजार परत आला.

परत आल्यावर केमो जोरात देतात आणि त्यात चांगल्या पेशीही जातात. दीड लाखाच्या वर हवेत ते प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, याचे ८ हजार. पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच, त्यात इन्फेक्शन, दोन दिवस ताप उतरत नव्हता, आणि ताप असला की दिलेले प्लेटलेट्सही टिकत नाहीत, रात्री पिशवी चढवली की सकाळी काउंट तिथेच.

महिना मे. मे आणि दिवाळी आम्हाला नको वाटतात, कॉलेजं बंद, कॅम्प नाहीत, आणि प्लेटलेट्स काही साठवून ठेवता येत नाहीत, हलत्या ट्रेवर २०-२४ डिग्रीला ठेवले तरी पाच दिवस, संपलं. त्या सकाळी बी पॉझिटिव्हची एकही पिशवी नव्हती. म्हणून मुलाचा मामा रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने आला. तेवीस-चोवीस वर्षांचा असेल, तिसऱ्यांदा देत होता. त्याचा काउंट बघितला, वजन बघितलं, गोळी वगैरे घेतलीस का विचारलं, ११ वाजून गेल्यावर मशीनवर घेतला.

तासभर तरी लागतो. रक्त बाहेर येतं, मशीन फिरून प्लेटलेट्स वेगळे काढतं आणि बाकीचं परत आत सोडतं, तेव्हा ओठांना मुंग्या येतात, मग आम्ही कॅल्शियमची गोळी चघळायला देतो. मामा गोळी चघळत बोलत होता. "ताई, जावळ माझ्याच मांडीवर काढलं त्याचं. आता दुसऱ्यांदा टक्कल झालं तर म्हणतो, मामा तुझ्या मांडीवर न बसताच झालं." स्टिरॉइड चालू होतं तेव्हा म्हणे रात्री दोनला उठून भाकरी मागायचा, आणि बहीण धर्मशाळेत स्टोव्ह पेटवून करून द्यायची.

तेवढ्यात वॉर्डातल्या सिस्टरांचा फोन. "बी पॉझिटिव्हची बॅग राहू दे गं. गेला तो."

स्क्रीनवर ३८ मिनिटं बाकी होती.

मशीन मधेच थांबवता येतं. एक बटण दाबायचं, रक्त परत करायचं, सुई काढायची. मी दाबलं नाही. मनात दोन गोष्टी होत्या, खोटं कशाला सांगू. एक, दंडात सुई असताना याला सांगितलं तर हा उठेल, पडेल. दुसरी म्हणजे वर आणखी एक मुलगी होती बी पॉझिटिव्ह, काउंट ६ हजार, तिला डोनर मिळत नव्हता. पण हा माणूस भाच्यासाठी आला होता, भाच्यासाठीच सही केली होती. त्याला न विचारता मी काय ठरवणार? डॉक्टर वॉर्डात होते, फोन उचलत नव्हते.

मग काचेच्या दारापलीकडे बाप दिसला. चपला हातात. आत आला नाही. मेव्हण्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघून हात नुसता खाली केला, राहू द्या असा. आणि बाकावर जाऊन बसला. मामाची पाठ दाराकडे होती.

ती ३८ मिनिटं मी त्याच्याशी बोलत राहिले. पाऊस, सोयाबीन, काय काय. तो विचारत होता, बॅग वर कधी जाईल? मी म्हटलं इरॅडिएशन करावं लागतं, म्हणजे पिशवीला किरण द्यावे लागतात, कारण रक्ताच्या नात्यातल्या माणसाची पिशवी तशीच चढवत नाहीत, त्याच्या पेशी पेशंटवरच उलटू शकतात. खरंच आहे ते. पण मी ते खरं कशासाठी वापरत होते ते मला कळत होतं, आणि अजून टोचतं.

सुई काढली, पट्टी बांधली. चहा-बिस्किट घेऊन पंधरा मिनिटं बसायचं असतं. त्याआधीच बाप आत आला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. काही बोललाच नाही, मामाला कळलं. तो दंड धरून तसाच खाली बसला, फरशीवर. खूप वेळाने वर बघून म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं ना ताई?"

"हो."

मग मी त्या मुलीचं सांगितलं. तो नाही म्हणाला असता तरी मी बाजूला ठेवली असती पिशवी. त्याने विचारलं, केवढी आहे? मी म्हटलं चार वर्षांची. "द्या मग." एवढंच बोलला, आणि चहा तसाच सोडून वर बहिणीकडे गेला.

चिठ्ठीवरचं एक नाव खोडून मी दुसरं लिहिलं.

संध्याकाळी बाप परत आला, बॉडी मिळायला ब्लड बँकेचीही सही लागते. मी सही केली. फाईल बंद करताना त्याने त्यातून रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म काढला, कॅन्सर पेशंटला स्लीपरला तिकिटाचे पैसे लागत नाहीत तो, पोराच्या नावाचा, परतीच्या प्रवासासाठी सकाळीच सही-शिक्का घेतलेला. काउंटरवर सरळ करून ठेवला.

"ताई, हे कुठं परत करायचं?"