बेळगावात घड्याळ बघून जेवा

गोव्याला जाताना चोर्ला घाटाच्या आधी बेळगावात थांबायचं, बिर्याणी खायची, कॅम्पातल्या पुरोहितांचा कुंदा, म्हणजे तिथली दुधा-खव्याची मिठाई, गाडीत टाकायचा आणि सुटायचं, एवढ्यावरच आपल्याकडच्या बहुतेकांचं बेळगाव संपतं. या खेपेला मी आणि बायको मिरजेहून रेल्वेने मुद्दाम बेळगावात राहायलाच गेलो. मावशी टिळकवाडीत राहते. कुठे काय चांगलं मिळतं, असं मी तिला विचारायला लागलो, तर ती म्हणाली, "कुठं ते मागनं सांगतो रे, आधी किती वाजलेत बघ की!"

तिचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. इथे प्रत्येक खाण्याची वेळ ठरलेली आहे. ती चुकली की त्याच हॉटेलात तोच पदार्थ निम्म्या चवीचा मिळतो.

सकाळ उडपी हॉटेलांची. साडेसात ते नऊ ही वेळ धरा. स्टेशनच्या बाजूला, खडेबाजारात, टिळकवाडीत, कुठल्याही जुन्या आणि गर्दीच्या उडपी हॉटेलात बिनधास्त शिरा. इडल्या भांड्यातून निघून थेट ताटलीत येतात, उप्पीट मऊ आणि ओलसर असतं, सांबाराला पहिली उकळी नुकतीच आलेली असते. वडा सांबारात बुडवून हवा की सांबार वेगळं हवं, हे मागवतानाच सांगा. नाहीतर बुडवूनच येण्याची शक्यता जास्त. अकरानंतर जाल तर डोसा ठीक मिळेल, इडलीकडे मात्र वळू नका.

कॉफीसाठी शक्य झालं तर काउंटरजवळ उभे राहा. स्टीलच्या उंच फिल्टरमधलं काळंभोर डिकॉक्शन पेल्यात दोन बोटं घेतात, वरून उकळतं दूध सोडतात आणि पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात असं हातभर उंचीवरून दोनदा-तीनदा ओततात. वर येणारा फेस निव्वळ दुधाचा असतो. साखर घालूनच देतात, म्हणून बिनसाखरेची हवी असेल तर आधी बोला. कडक हवी असेल तर "स्ट्राँग" एवढं म्हटलं की पुरतं. दोघांत एक घ्यायची असेल तर "बाय टू" म्हणा, कोणी वाकडं बघत नाही. आम्ही रोज बाय टूच घेत होतो, म्हणजे पुन्हा एक मागवता येते.

दुपार खानावळीची, आणि माझ्या मते बेळगावला राहण्याचं खरं कारण हेच. शाकाहारी लिंगायत खानावळी शोधा. पाटीवर अनेकदा बसवेश्वरांचं नाव असतं, बाहेरून जागा साधी दिसते. साडेबारा ते दोन या वेळात आत चुलीपाशी भाकऱ्यांचा थपथप आवाज चालू असतो. ज्वारीची भाकरी आपल्यापेक्षा पातळ आणि मोठी थापतात, आणि फुगलेली भाकरी तव्यावरून सरळ ताटात पडते. सोबत तेल सुटलेली भरली वांगी, म्हणजे तिथलं एण्णेगाय. मसाल्यात शेंगदाणे, तीळ आणि कारळं असल्याने रश्शाला एक गडद, थोडी कडसर गोडी येते. शिवाय मोडाची उसळ, शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी, घट्ट दही, कच्चा कांदा, कधी मेथीची कोवळी पानं नुसतीच. चटणीत दही कालवून भाकरीला लावून बघा. मी शेवटच्या भाकरीपर्यंत भाजीकडे वळलोच नाही.

ताटाजवळ पापडासारख्या कडक भाकऱ्यांची चवड ठेवलेली असते. जेवताना गरम भाकरीच मागा. कडक भाकरी घरी न्यायची गोष्ट, बरेच दिवस टिकते. पिशवीत चुरा होतो, म्हणून रुंद तोंडाचा डबा बरोबर असू द्या. पैशाचं म्हणाल तर पुण्यात एका बऱ्या थाळीला जेवढे मोजतो, तेवढ्यात आम्ही दोघं तुडुंब जेवत होतो. फोनने पैसे बहुतेक ठिकाणी घेतात, तरी सुटे जवळ ठेवा.

दुपारी तीन ते पाच शहर सुस्तावतं. हा वेळ नव्या कॉफी शॉपना द्या. टिळकवाडीत तिसऱ्या रेल्वे गेटपासून आरपीडी क्रॉसपर्यंत आणि हिंदवाडीत अशी बरीच आहेत. संध्याकाळी ती कॉलेजच्या पोरांनी भरून जातात, दुपारी निवांत बसता येतं. तिथे कॉफी आणि केक घ्या, बाकीची लांबलचक यादी सोडून द्या. एका ठिकाणी आम्ही पास्ता मागवला, तो यायला इतका वेळ लागला की संध्याकाळचं गिरमिट हुकायची वेळ आली.

गिरमिट हुकवू नका. चुरमुऱ्यांत चिंच-गुळाचा शिजवलेला कांदा-टोमॅटोचा मसाला, वरून डाळ्याचं पीठ, बारीक कांदा, कोथिंबीर, आणि बाजूला गरम मिरची भजी. गाड्यासमोर उभं राहूनच खायचं. बांधून नेलं तर पाच मिनिटांत चुरमुरे लोळागोळा होतात. खडेबाजार आणि गणपत गल्लीच्या बाजूला संध्याकाळी गाडी घेऊन जाऊच नका, लावायला जागा मिळत नाही. रिक्षा करा किंवा चालत जा.

मांडे हॉटेलात मागून ताजे मिळत नाहीत. ते सांगून करून घ्यावे लागतात, कारण मुळात ते लग्नकार्याचं पक्वान्न. मावशीच्या ओळखीने शहापूरकडच्या एका घरी आम्हाला करताना बघायला मिळाले. तिथल्या काकूंनी पिठीसाखर, खसखस आणि वेलची भरलेली पोळी आधी लाटली, मग दोन्ही हातांवर फिरवत फिरवत एवढी वाढवली की पलीकडचं दिसायला लागलं. ती पालथ्या खापरावर टाकली आणि क्षणभरात उचलून गरम असतानाच रुमालासारखी चौकोनी घडी घातली. "थांबलासा तर मोडतंय बघा," काकू म्हणाल्या. गार झाला की मांडा कडकडीत होतो. तो चुरून त्यावर गरम दूध आणि साजूक तूप घालून खातात. हवे असतील तर एक-दोन दिवस आधी सांगून ठेवा.

रात्री सामिष खाणाऱ्यांसाठी नियाज हॉटेलची बिर्याणी आहेच, तिच्याबद्दल मी नव्याने काय सांगू. मराठा पद्धतीच्या खानावळीत मटणाचं ताट चांगलं मिळतं, रस्सा कोल्हापूरच्या वळणाचा. श्रावणात गेलात तर खानावळ चालू आहे का, हे विचारूनच निघा.

एक दिवस गोकाकला द्या. घटप्रभा नदी तिथे सुमारे 52 मीटर खाली कोसळते, आणि जुलै ते ऑक्टोबर हाच हा धबधबा बघायचा काळ. उन्हाळ्यात नुसता कातळ दिसतो. रविवार टाळा. धबधब्यापाशी भाजलेलं कणीस खा, जेवायला मात्र गोकाक गावात या. करदंट ही तिथली मिठाईही गावातल्या जुन्या दुकानातून घ्या. डिंक, गूळ, सुकं खोबरं आणि सुकामेवा असा ऐवज असतो. तुकडा तोंडात टाकून डिंक दाताखाली कुरकुरतो का ते बघा, चिवट लागला तर पुढचं दुकान. बसवरच्या पाट्या बहुतेक कन्नडमध्ये असतात, कंडक्टरला नम्रपणे विचारा, मराठीत सांगतात. साध्या बसमधला मोफत प्रवास फक्त कर्नाटकातल्या बायकांना आहे, आपल्याकडच्या बायकांना तिकीट पडतं. त्या योजनेमुळे गर्दी असते, म्हणून सकाळची लवकरची बस धरा.

आता कुंदा. तो निघायच्या दिवशी घ्यायचा. दूध आणि खवा साखरेबरोबर तांबूस होईपर्यंत परतलेला, रवाळ, पण कोरडा नव्हे. दुकानात चव द्यायला कोणी नाही म्हणत नाही. फिका, पांढुरका असेल तर परतायला आळस केलेला असतो, आणि फार काळपट असेल तर साखर करपलेली. दुधाचा पदार्थ आहे, उन्हातल्या गाडीत डिकीत ठेवू नका, आणि किती दिवस टिकेल ते दुकानदारालाच विचारा. आमची गाडी सकाळची होती, म्हणून मावशीने आदल्या रात्री दुकान बंद होण्याआधी घ्यायला लावला आणि रात्रभर तिच्या फ्रीजमध्ये ठेवला. लॉजवर उतरला असाल तर दुपारनंतरची गाडी निवडा, सकाळी दुकान उघडल्यावर ताजा घेऊन निघता येतं.