स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस: ३१२ मिमीच्या डिस्क बसल्या, हरवलेला बूस्टही सापडला

एप्रिलमध्ये ताम्हिणी उतरताना पेडल दगडासारखं कडक झालं, तेव्हाच ठरवलं: आधी ब्रेक, मग इंजिन. गाडी पहिल्या पिढीची, १.८ टर्बो, १५० पीएस (म्हणजे अश्वशक्ती).

पुढे २८८ मिमीच्या डिस्क होत्या. युरोपातल्या १८० पीएसच्या आरएसला ३१२च्या यायच्या. यातली खुबी अशी, की पॅड दाबणारा कॅलिपर तोच राहतो, बदलतो फक्त त्याला धरणारा कॅरिअर. पॅड केंद्रापासून १२ मिमी बाहेर सरकतो आणि पायाच्या तेवढ्याच जोराला सुमारे दहा टक्के जास्त पकड मिळते. जुनं ब्रेक ऑइल चहासारखं काळपट निघालं; नवं डॉट ४ भरलं. पॅड डिस्कवर नीट रुळायला रिकाम्या रस्त्यावर वेग ८०वरून २०वर असं दहा वेळा आणलं, पूर्ण न थांबवता. एक लक्षात ठेवा: १५ इंची स्टेपनी आता पुढच्या चाकांच्या जागी बसत नाही.

पकड सुधारली, पण पेडल अधूनमधून कडक व्हायचंच. शेवटी इंजिन बंद करून पेडल दाबलं. ब्रेक बूस्टरमध्ये (व्हॅक्यूमच्या जोरावर पेडल हलकं करणारा डबा) व्हॅक्यूम टिकत असेल तर निदान दोन वेळा तरी ते मऊ जायला हवं. पहिल्याच दाबाला अडलं! इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डखाली हात घातला, तर तेल पिऊन फुगलेला रबरी पाइप बोटांत चुरगळला. बूस्टरच्या नळीतला चेक व्हॉल्व्हही (हवा एकाच दिशेने सोडणारी झडप) फुंकलं की दोन्ही बाजूंनी हवा सोडत होता. टर्बो गाडीत हे दुहेरी नुकसान आहे. ॲक्सिलरेटर सोडल्यावर ब्रेकला व्हॅक्यूम कमी पडतो, आणि तोच दाबला की मॅनिफोल्डमधला बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबून भरलेली हवा, त्याच वाटेने निसटतो.

दोन्ही पाइप आणि व्हॉल्व्ह नवे टाकले. नंतर तिसऱ्या गिअरमध्ये लॉग, म्हणजे गाडी चालताना इंजिनच्या आकड्यांची नोंद, घेतला. आधी ईसीयू (इंजिनचा संगणक) जेवढा बूस्ट मागायचा त्यापेक्षा सव्वाशे मिलिबार कमी यायचा. आता मागितलेल्या आणि मिळालेल्या बूस्टच्या दोन्ही रेषा एकमेकींवर चढल्यात. हवेचा प्रवाह सेकंदाला १०४ ग्रॅमवरून १२१वर गेला. दीडशे पीएसला साधारण एवढाच लागतो. तो आकडा पाहिला आणि जीव भांड्यात पडला. रिमॅपसाठी (ताकद वाढवायला ईसीयूचा प्रोग्रॅम बदलणं) बाजूला ठेवलेले पैसे अजून तसेच आहेत.

परवा पुन्हा ताम्हिणी उतरलो. खाली विळे गावापर्यंत पेडल एकसारखं. आता टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर बदलतो, रिमॅप त्यानंतरच. ३१२ घालून मागचे पॅड कुठले वापरताय, ते सांगा. माझे महिनाभरात संपतील.