मयत सासूबाई यादीत, सून यादीबाहेर

२०२४ च्या लोकसभेला मी मतदान केंद्राध्यक्ष होतो. दर दोन तासांनी झालेल्या मतदानाचा आकडा झोनल अधिकाऱ्यांना कळवायचा असतो. त्या दिवशी आमच्या केंद्राचा आकडा अकरानंतर रेंगाळला. 'लोकांना सुट्टी हवी, मत नको,' असं कोणीतरी बोललंच. मला ते पटलं नाही, कारण परत जाणारी माणसं मी दारातच बघत होतो.

त्यातल्या एक बाई अजून डोळ्यांसमोर आहेत. कडेवर लहान मूल, हातात मतदार ओळखपत्र. पहिल्या मतदान अधिकाऱ्यांनी यादी दोनदा चाळली. नवऱ्याचं नाव होतं, यांचं नव्हतं.

"कार्ड आहे की साहेब माझ्याकडे!"

"ताई, कार्डाने ओळख पटते. मत देता येतं ते यादीत नाव असेल तरच."

बाहेर मदत कक्षात बीएलओ, म्हणजे आमच्या केंद्राच्या मतदार यादीचं काम बघणारे अधिकारी, बसले होते. त्यांनी शोधून काढलं: नाव अजून माहेरच्या गावातल्या यादीत होतं. लग्नानंतर ते इकडे आणायला नमुना ८ भरावा लागतो, हे बाईंना कोणी सांगितलंच नव्हतं. माहेरी जाऊन यायला दिवस मोडला असता. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की यादीत फेरफार होत नाही, त्यामुळे आमच्याही हातात काही नव्हतं. निघताना बाईंनी यादीत बोट ठेवून विचारलं, "मग या कशा आहेत इथे? माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली."

सासूबाईंचं नाव एएसडी यादीतही होतं. गैरहजर, स्थलांतरित आणि मयत मतदारांची ही यादी आम्हाला साहित्यासोबत मिळते. तिच्यातलं कोणी मत द्यायला आलं तर ओळख जास्त काटेकोरपणे तपासायची असते. म्हणजे सासूबाई हयात नाहीत हे यंत्रणेला माहीत होतं. तरी टक्केवारी काढताना मूळ यादीतली सगळी नावं छेदात धरली जातात. सासूबाई आमच्या केंद्रावर 'मतदान न केलेल्या' ठरल्या आणि सूनबाई माहेरच्या केंद्रावर. एकाच घरातल्या दोन बायका कागदावर उदासीन निघाल्या. एक जगात नाही, दुसरी मूल घेऊन उन्हात रांगेत उभी राहिलेली.

२०१९ मध्ये देशात ६७.४ टक्के मतदान झालं होतं, २०२४ मध्ये ते ६६ च्या आसपास आलं. यात निरुत्साहाचा वाटा आहेच, मी नाकारत नाही. आपल्या मताने काय फरक पडणार असं वाटणारे आहेत, एका दिवसाची मजुरी बुडेल म्हणून न येणारेही आहेत. पगारी सुट्टी कायद्यात आहे, पण हातावर पोट असलेल्याला ती देणार कोण? रांग लांबली, सावली नसली, तर म्हातारी माणसं मागे फिरतात. २०२४ ला ८५ वर्षांवरच्या मतदारांना घरून मत देण्याची सोय झाली, ती मला फार मोलाची वाटते. पण तिच्यासाठीही अर्ज आधीच द्यावा लागतो, आणि ते सांगायला कोणीतरी दारात यावं लागतं.

दारात येण्याचं महत्त्व अभ्यासातही दिसलं आहे. अमेरिकेत न्यू हेवन शहरात १९९८ साली गर्बर आणि ग्रीन या दोन अभ्यासकांनी सुमारे ३०,००० मतदारांवर प्रयोग केला. घरी जाऊन समोरासमोर बोलल्याने मतदान वाढलं, फोन करून वाढलं नाही. आपण मात्र फलक, रॅल्या, प्रतिज्ञा यांवर किती शक्ती खर्च करतो! मी शाळेत शिकवतो, त्या रॅल्या मुलांना घेऊन मीच काढतो. मुलांना त्या आवडतात, पण त्या बाईंचं नाव रॅलीने यादीत आलं नसतं.

पूर्वी नवमतदाराचं वय फक्त १ जानेवारीला मोजत. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. नाव घालायला नमुना ६, वगळायला ७, पत्ता बदलायला ८. सोयी आहेत, निवडणूक तोंडावर येईपर्यंत त्यांची आठवण कोणालाच होत नाही, ही अडचण आहे.

म्हणून मतदानानंतरच्या अभिप्रायात मी एकच मागणी लिहिली. निकाल लागला की एएसडी यादी घेऊन बीएलओंना पुन्हा त्याच घरांत पाठवा, आणि या कामासाठी त्यांना नेहमीच्या कामातून मोकळं करा. मयत व्यक्तीचा नमुना ७ भरून घेताना त्याच उंबऱ्यावर विचारा: घरात सून आली आहे का, कोणाला अठरा पूर्ण झाली आहेत का, भाड्याने कोणी नवीन राहायला आलं आहे का?